उलटून पुन्हा उभी राहणारी पोलादी नौका

मार्च 1969 मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरची लाँगहोपची लाइफबोट वादळात उलटली. तिच्यावरचे आठही जण गेले. पुढच्याच जानेवारीत फ्रेझरबर्गची बोट उलटली आणि सहापैकी पाच जण बुडाले. दोन्ही बोटी लाकडी होत्या, उलटल्या की तशाच राहणाऱ्या. दुसऱ्यांना वाचवायला निघालेली माणसं अशी जाणं ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला फार लागलं. यापुढे मोठी लाइफबोट उलटली, तर आपली आपण सरळ झाली पाहिजे, असं ठरलं.

1982 पासून आलेली 47 फुटी ‘टाइन’ बोट या हट्टातून घडली. तिचा खालचा भाग पोलादी आणि वरची केबिन ॲल्युमिनियमची. सगळी किमया या वाटणीत आहे. पोलाद, इंजिनं, इंधन असं सगळं जड सामान तळाशी, आणि वर हलकी, दारं घट्ट मिटलेली, हवेने भरलेली केबिन. बोट उलटली की केबिन पाण्याखाली जाते आणि आतली हवा तिला वर रेटू लागते; वर आलेलं वजन खाली यायला बघतं. या ओढाताणीत बोट उलटी टिकूच शकत नाही. काही सेकंदांत ती सरळ होते.

पण पोलादच का? टाइन बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावरच्या शेडमध्ये राहायची. हाक आली की साखळी सुटे आणि सुमारे 25 टनांची बोट उतारावरून घसरत थेट लाटांत शिरे. परतल्यावर विंचने तिला पुन्हा वर ओढत. हा रोजचा मार, शिवाय खडकांच्या धडका. लाकडाची फळी जिथे फुटते, तिथे पोलादाला पोचा पडून निभावतं. पंखे तळातल्या खोबणींत बसवलेले असल्याने उथळ पाण्यात तेही सुरक्षित राहत. केबिन बुटकी ठेवली, ती जुन्या शेडच्या छपराखाली बोट मावावी म्हणून. शेडमुळे आणखी एक लाभ: पोलादाला चोवीस तास खाऱ्या पाण्यात राहावं लागत नसे.

वेग मात्र 18 नॉटच्या आसपास. तिच्या जागी आलेली, फायबरची ‘टमार’ 25 नॉटने जाते, आणि बुडणाऱ्यासाठी तेवढा फरक मोठा असतो. सेवेतली शेवटची टाइन 2019 मध्ये आयर्लंडच्या विक्लो बंदरातून निवृत्त झाली.