पोथीचे पान आणि संगणकाची स्मृती

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ऋग्वेदाची ३० हस्तलिखिते आहेत. २००७ साली युनेस्कोने ती जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतली. त्यांतले एक भूर्जपत्रावर, शारदा लिपीत आहे. अशी पाने वारंवार हाताळली तर झिजणारच. म्हणून अभ्यासकाला त्यांची मोठी छायाचित्रे घरबसल्या दिसावीत, हे उत्तम.

पण अडचण आहे. समजा, एक चित्र २०,००० बाय १०,००० बिंदूंचे आहे. दर बिंदूस ३ बाइट धरले, तर ते अख्खे उघडण्यास ६० कोटी बाइट स्मृती लागेल. दहा वाचक एकदम आले, की सर्व्हर कोलमडलाच!

जावा भाषेत लिहिलेला 'कँटालूप' हा चित्रांचा सर्व्हर मांडताना मी तीन गोष्टी महत्त्वाच्या मानतो. मूळ चित्र लहान तुकड्यांच्या, उतरत्या आकारांच्या 'पिरॅमिड टिफ' स्वरूपात साठवावे. ५१२ बाय ५१२ बिंदूंच्या तुकड्यास आठ लाख बाइटही लागत नाहीत. जावाला स्मृतीची कमाल मर्यादा आखून द्यावी. एकदा तयार झालेले तुकडे कॅशमध्ये राखावेत. यांत पहिली गोष्ट मुख्य. ती नसेल तर स्मृती कितीही वाढवा, अपुरीच पडेल.

एवढे साधले, तर खेड्यातला विद्यार्थीही साध्या मोबाइलवर एकेक अक्षर न्याहाळील, आणि पोथी कपाटात सुखरूप राहील.