बिल्यर्ड टेबलाचे कापड व क्यूची मूठ

बिल्यर्ड टेबलाचे कापड व क्यूची मूठ : बिल्यर्ड्‌झ, स्नूकर व पूल या खेळांत टेबलाच्या फरशीवर ताणून बसविलेले लोकरी कापड आणि क्यूच्या (खेळण्याच्या काठीच्या) जाड टोकाकडील पकडीचा भाग. चेंडूची गती व दिशा कापडावर, तर टोल्याचा नेमकेपणा मुठीवर बराच अवलंबून असतो.

बिल्यर्ड्‌झ व स्नूकरचे पूर्ण आकाराचे टेबल सु. ३.६६ मी. लांब व १.८३ मी. रुंद असते. त्याचा पृष्ठभाग सामान्यतः पाच स्लेट-फरशांचा असतो. त्यावरील कापडाला एकाच दिशेची बारीक लव असते. ही लव खेळ सुरू होतो त्या टोकाकडून समोरच्या टोकाकडे वळलेली असावी लागते. आडव्या दिशेने मंद गतीने जाणारा चेंडू लवेच्या दिशेकडे किंचित ओढला जातो. पूलच्या आधुनिक टेबलांवर लोकर व नायलॉन यांचे बिनलवेचे घट्ट विणीचे कापड वापरतात. त्यावर चेंडू अधिक वेगाने धावतो.

कापड बदलताना प्रथम कडेच्या गाद्या सोडवून जुने कापड काढतात. फरशी स्वच्छ करून तिची पातळी तपासतात व सांधे मेणाने वा लांबीने भरून घासतात, कारण लहानसा उंचवटाही कापडावर जाणवतो. नंतर लवेची दिशा पाहून कापड पसरतात, एका टोकास पक्के करून आधी लांबीत व मग रुंदीत सारख्या ताणाने ओढतात आणि फरशीखालील लाकडास बारीक चुका किंवा पिना मारून बसवितात. काही टेबलांवर ते चिकटवितात. खिशांपाशी काप देऊन कडा आत वळवितात. गाद्यांवर वेगळ्या पट्ट्या चढवितात. ताण असमान राहिल्यास सुरकुत्या पडतात. लवेच्या कापडावर ब्रश व कोमट इस्तरी लवेच्या दिशेनेच फिरवितात.

लोकर हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे कोकणपट्टीत पावसाळ्यात कापड सैलावते व चेंडू मंदावतो. मोठ्या स्पर्धांत फरशीखाली उष्णता देऊन हा दोष टाळतात.

स्नूकरच्या क्यूची मूठ बहुधा उघड्या लाकडाची असते. पूलच्या क्यूवर मात्र लिननचा दोरा, चामडे किंवा रबर गुंडाळतात. दोरा शेजारी-शेजारी घट्ट गुंडाळून त्याची टोके आत दडपतात; नंतर तो किंचित ओलावून गुळगुळीत दांड्याने दाबतात. हा दोरा घाम टिपतो. चामड्याची पकड मऊ असते, तर रबराची घट्ट. घामट हातांना दोरा वा रबर सोयीचे ठरते. मळलेली मूठ ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवितात. पकड सैलच ठेवावी लागते. मूठ निसरडी असल्यास खेळाडू नकळत क्यू आवळतो व टोला वाकडा जातो.

महाराष्ट्रात हा खेळ ब्रिटिश अमदानीत छावण्या व जिमखान्यांतून रुजला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांनी १९५८ व १९६४ मध्ये, तर मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ मध्ये बिल्यर्ड्‌झचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. लव, ताण व हवामान यांतील फरक ओळखून टोला बेतणे हा या खेळातील कौशल्याचाच भाग होय.