लोहाची गोळी कुणाची, कुणाला?

घरात कुणालाही थकवा आला की ‘रक्त कमी झालं असेल’ असं आपण पटकन म्हणतो, आणि आपल्याला मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या डब्यातून काढून पुढे करतो. ही भीती काही खोटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण सोनोग्राफीत ज्याला ‘फॅटी लिव्हर’ निघालं आहे, म्हणजे यकृतात चरबी साठली आहे, त्याला परस्पर ही गोळी देऊ नका. थकवा या आजारातही येतो.

मैत्रिणींनो, जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते साठतं मुख्यतः यकृतात. पाळी सुरू असेपर्यंत आपलं लोह दर महिन्याला खर्च होतं. पुरुषांचं तसं होत नाही, आणि पाळी गेल्यावर आपलंही. चरबीने आधीच बेजार झालेल्या यकृतात जास्तीच्या लोहाची भर पडली तर इजा वाढू शकते.

याच्या उलटही घडतं. रिपोर्टमध्ये ‘फेरिटिन’ वाढलेलं दिसलं की घाबरून पालेभाजी बंद केली जाते. फेरिटिन म्हणजे साठवलेल्या लोहाचा अंदाज. पण यकृताला सूज असली की लोह न वाढताही हा आकडा चढतो, आणि त्याआड खरी कमतरता झाकली जाते. शिवाय वजन जास्त असलं की आतड्यातून लोह कमी शोषलं जातं. म्हणजे अंगाने भरलेल्या बाईलाही रक्तक्षय असू शकतो! म्हणून नुसत्या फेरिटिनवर न जाता हिमोग्लोबिन आणि ‘ट्रान्सफरिन सॅच्युरेशन’ही बघायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

फॅटी लिव्हर असलं तरी डॉक्टरांनी लिहून दिलेली लोहाची गोळी मनाने बंद करू नका, गर्भारपणात तर नाहीच. मेथी, चवळी, लिंबू ताटात राहू द्या. कमी करायचं ते साखर, तळण आणि बसून राहणं. दारू तर नकोच. वजन जास्त असेल तर ते हळूहळू ७ ते १० टक्क्यांनी उतरलं की यकृताची सूज कमी होते. सत्तर किलोच्या बाईसाठी हे पाच ते सात किलो झाले.

तपासणी ज्याची, गोळी त्याची. डब्यातली गोळी देण्याआधी एवढं विचारा, ‘रक्त तपासलंय का?’