झाडू, घंटा आणि व्हाइट हाऊस : जेम्स गारफिल्ड यांची गोष्ट

शाळेत पायथागोरसचे प्रमेय पाठ करताना तुम्हालाही घाम फुटला असेल ना? पण या प्रमेयाची एक सिद्धता चक्क अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावावर आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? हे होते २०वे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड.

लाकडी घरातले बालपण

गारफिल्ड यांचा जन्म १८३१ मध्ये ओहायो राज्यात, ओंडक्यांच्या एका साध्या घरात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील गेले. आई एलायझा यांनी शेती सांभाळून मुलांना वाढवले. सोळाव्या वर्षी जेम्स कालव्यातल्या बोटी ओढणारी खेचरे हाकायला गेले, पण तापाने फणफणून घरी परतले. आईने समजावले, "आता शीक."

मग हायरम गावच्या संस्थेत ते झाडू मारायचे, घंटा वाजवायचे आणि त्या बदल्यात शिकायचे. काही वर्षांतच, १८५७ मध्ये, ते त्याच संस्थेचे प्रमुख झाले!

खासदार आणि गणित

यादवी युद्धात ते गुलामगिरीविरुद्धच्या बाजूने लढले आणि नंतर १७ वर्षे संसदेत होते. १८७६ मध्ये, खासदार असतानाच, त्यांची ती सिद्धता प्रसिद्ध झाली. युक्ती सोपी आहे. दोन सारखे काटकोन त्रिकोण असे ठेवा की समलंब चौकोन तयार होईल. त्याचे क्षेत्रफळ दोन पद्धतींनी काढा, उत्तर समोर येते. वहीत करून बघाच!

१८८० मध्ये ते पक्षाच्या अधिवेशनात दुसऱ्याच उमेदवाराचा प्रचार करायला गेले होते. पण कुणालाच बहुमत मिळेना. अखेर ३६व्या फेरीत उमेदवारी गारफिल्ड यांच्याच गळ्यात पडली. त्यांच्या शपथविधीला आई हजर होती. मुलाचा शपथविधी पाहणारी ती पहिलीच राष्ट्राध्यक्षमाता.

ते ७९ दिवस

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी पद न मिळाल्याचा त्याला राग होता.

एक गोळी पाठीत अडकली. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि हत्यारे जखमेत घालून ती पुन्हा पुन्हा शोधली. जंतूंपासून जखम जपा, असे इंग्लंडचे जोसेफ लिस्टर कधीपासून सांगत होते, पण अमेरिकेत अनेकांना ते पटले नव्हते. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल धातू शोधणारे यंत्र घेऊन आले. मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी होती डावीकडे!

जखम चिघळत गेली. १९ सप्टेंबरला, अवघ्या ४९व्या वर्षी, गारफिल्ड गेले. गोळीपेक्षा जंतुसंसर्गानेच त्यांचा घात केला, असे आज अनेक तज्ज्ञ मानतात.

मागे काय उरले?

या हत्येने देश हादरला. १८८३ मध्ये कायदा झाला आणि अनेक सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेने मिळू लागल्या. झाडू मारत शिकलेल्या माणसाला याहून चांगली श्रद्धांजली कोणती?

आता घरात कुणी हात न धुता जखमेला मलम लावायला निघाले, तर त्यांना ही गोष्ट नक्की सांगा.