नवी प्रणाली घ्यावी की न घ्यावी?



आम्ही कामगार चळवळीत वाढलेले. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावरच्या सभांत, कामगार कचेरीच्या बाकांवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा संगणकाच्या विषयावर आम्ही या व्यासपीठावरून बोलावे याचे काही जणांना नवल वाटेल. पण २०२५ च्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास आमच्या युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारी घेऊन जितके लोक आले, जवळजवळ तितकेच दुसरा एक प्रश्न घेऊन आले. पतपेढीचे चिटणीस आले, शाळेचे कारकून आले, झेरॉक्सच्या दुकानवाले आले. प्रश्न सगळ्यांचा एकच: "पडद्यावर रोज सूचना येते की जुनी प्रणाली आता संपली. नवी घ्यावी काय?" त्यांना जे उत्तर दिले तेच आज जरा विस्ताराने मांडतो.

प्रथम प्रणाली म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तीच ही. कापडगिरणीत साचे असतात, साच्यांवर कामगार असतात आणि दोघांच्या मध्ये जॉबर असतो. कोणत्या साच्यावर कोण उभा राहील, सूत कोणाला किती मिळेल, साचा अडला तर कोणाला बोलवायचे, हे तो पाहतो. संगणकातही पडदा, कीबोर्ड, प्रिंटर ही यंत्रे. पत्रलेखनाचा, हिशेबाचा, छपाईचा प्रोग्राम हे कामगार. आणि या दोघांमधला जॉबर म्हणजे प्रणाली. जॉबर बदलला तर साचे तेच आणि कामगार तेच असूनही चार दिवस खात्यात गोंधळ होतो. कधी कधी नव्या जॉबरला एखादा जुना साचा चालवताच येत नाही. नवी प्रणाली घ्यावी की नाही या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

आता मुदत संपली म्हणजे काय झाले? मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. त्या रात्री एकही संगणक त्यामुळे बंद पडला नाही. मग इतकी घाई कशाची? तर प्रणालीच्या भिंतीत नवनवी भोके सापडत असतात. कंपनी ती बुजवते आणि बुजवण्याचे सामान इंटरनेटवरून पाठवते. त्यालाच आपण अपडेट म्हणतो. मुदत संपली म्हणजे घर पडले नाही, गवंडी येणे बंद झाले. चोरांना भोके सापडायची ती सापडतच राहतात. इतकेच नव्हे, नव्या घरात गवंड्याने कोठे लिंपले हे पाहून जुन्या घरातले तसलेच भोक शोधणे चोराला सोपे जाते.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. २०१६ साली कचेरीत एकच संगणक होता आणि त्यावर विंडोज ७ होती. विंडोज १० त्या वेळी एक वर्षापुरती फुकट मिळत होती आणि ती सवलत २९ जुलै २०१६ ला संपणार होती. फुकटची वस्तू हातची जाईल या भीतीने आम्ही जुलै संपत आला असताना, एका शनिवारी संध्याकाळी, एका ओळखीच्या मुलाला बसवून रातोरात बदल करून टाकला. वास्तविक विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० पर्यंत होता. साडेतीन वर्षांची फुरसत हातात असताना आम्ही एका रात्रीचीही वाट पाहिली नाही.

सोमवारी कामगार कार्यालयात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ६८ कामगारांच्या ग्रॅच्युइटीची सुनावणी होती. ग्रॅच्युइटीचा हिशेब पुऱ्या केलेल्या दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन असा. म्हणजे नोकरीत लागल्याची तारीख हाच सगळ्या दाव्याचा पाया. त्या तारखांची यादी संगणकात होती आणि ती जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात होती. तो टंक संगणकाच्या पाठीमागे एक डोंगल लावल्याशिवाय चालत नसे, आणि नव्या प्रणालीने ते डोंगल ओळखले नाही. रविवारी सकाळी यादी उघडली तर मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! कारण त्या जुन्या टंकांत मराठी अक्षर संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. ते इंग्रजी अक्षराला चढवलेले मराठी सोंग असते. टंक गेला की सोंग उतरते. आज सर्वत्र रुळलेल्या युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेले तरी मराठीच राहते.

कपाटातून जुन्या सभासद-वह्या काढल्या आणि तिघांनी रात्रभर बसून यादी हाताने उतरवली. चार नावांची पाने वाळवीने खाल्ली होती. त्या चौघांच्या तारखांचा पुरावा सोमवारी देता आला नाही आणि सुनावणी साडेतीन महिने पुढे गेली. चौघांपैकी एकाने कचेरीत येऊन एवढेच विचारले, "भाऊ, माझा कागद तुमच्याकडे होता ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कचेरीतले सगळे टंकलेखन ज्या ताई करीत, त्या त्या शनिवारी सुट्टीवर होत्या. त्या नंतर म्हणाल्या, "भाऊ, मला एकदा विचारले असते तर डोंगलचे मी सांगितले असते." हे वाक्य आम्हांला फार लागले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. कामाच्या ठरावीक अटींत बदल करायचा तर मालकाने कामगारांना आधी सूचना द्यावी आणि सूचनेपासून एकवीस दिवसांच्या आत बदल करू नये, असे ते कलम. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी एकवीस दिवसांची सूचना संहितेतही कायम आहे. या कलमावर आम्ही किती मालकांशी भांडलो असू! आणि स्वतःच्या कचेरीत आम्हीच एका रात्रीत, न विचारता, बदल केला.

त्या वेळी महिनाभरात जुन्या प्रणालीकडे परत फिरण्याची सोय होती. ती कळल्यावर आम्ही परत फिरलो. पण मग दुसऱ्या टोकाला गेलो. संगणकाला हात लावायचा नाही, अपडेटही बंद, असा हुकूम सोडला. हीसुद्धा चूकच होती.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधले एक मोठे भोक बुजवणारे अपडेट दिले. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून जगभर शिरला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. तेथले बाधित संगणक बहुतेक विंडोज ७ चे होते. म्हणजे प्रणालीची मुदत संपली नव्हती. आलेले अपडेट घातले गेले नव्हते. पुढे २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरात तिच्या उपकंपनीकडे असलेल्या धक्क्याचे काम अडले. हा नॉटपेट्या प्रथम शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून! तेव्हा अपडेट म्हणजे सदैव कल्याणच, असेही मानू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. कागदाची वही टाकून देऊ नये, हा धडा तेथेही मिळाला.

मग करावे काय? आम्ही आमच्या कचेरीपुरता नियम केला: संगणकात मोठा बदल करायचा तर स्वतःलाच एकवीस दिवसांची सूचना द्यायची, आणि त्या दिवसांत चार कामे उरकायची.

पहिले काम, विचारणे. जो माणूस रोज कीबोर्डवर बसतो त्याच्याकडून यादी घ्यावी: कोणते प्रोग्राम, कोणता प्रिंटर, कोणता टंक, कोणते डोंगल. यातले प्रत्येक नव्या प्रणालीवर चालेल काय, हे विकणाऱ्याला किंवा तीच प्रणाली वापरणाऱ्या शेजाऱ्याला विचारावे.

दुसरे, नक्कल. सगळे कागद वेगळ्या डिस्कवर उतरवावे, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी, आणि नक्कल दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते काय ते पाहावे. न उघडलेली नक्कल ही नक्कल धरू नये. जुन्या टंकातले महत्त्वाचे कागद याच वेळी युनिकोडमध्ये आणावे.

तिसरे, यंत्राची परीक्षा. विंडोज ११ ला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, कंपनीच्या यादीतला प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या ठेवण्याची यंत्रातली छोटी तिजोरी. पुष्कळ यंत्रांत ती असते, पण बंद ठेवलेली असते. साधारणपणे २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर यादीत नाहीत. पीसी हेल्थ चेक नावाचा कंपनीचा फुकट प्रोग्राम यंत्र चालेल की नाही ते सांगतो.

चौथे, परतीची वाट. विंडोज ११ चढवल्यावर दहा दिवसांच्या आत जुनीकडे परत जाता येते. म्हणून बदल सुनावणीच्या, पगाराच्या किंवा मार्चअखेरच्या तोंडावर करू नये, आणि त्या दहा दिवसांत सगळी कामे एकदा करून पाहावी.

यंत्र परीक्षेत उतरले तर नवी प्रणाली घ्यावी. विंडोज १० वरून ती फुकट आहे, आणि इंटरनेटवर, विशेषतः बँकेच्या व्यवहारासाठी, उघडे घर वापरण्यात शहाणपण नाही. यंत्र उतरले नाही तर घाबरून ते भंगारात घालू नये. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा देऊ केली. ३० डॉलर भरून, अथवा कंपनीच्या खात्याशी संगणकाची मांडणी जोडून विनामूल्य. संस्थांना मात्र पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, दर वर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे, असा दर लावला. दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालते, मराठी लिहिते. केरळच्या सरकारी शाळांत ती वर्षानुवर्षे वापरात आहे. मात्र विंडोजसाठी बनवलेले हिशेबाचे प्रोग्राम तिच्यावर चालतीलच असे नाही. तेव्हा एकवीस दिवसांची सूचना तिलाही लागू. तिसरा मार्ग, यंत्र इंटरनेटपासून कायमचे तोडणे. पण परक्या पेन ड्राइव्हमधूनही रोग येतो हे विसरू नये.

चालू यंत्र दुसऱ्याने ठरवलेल्या तारखेला निकामी ठरते याचा आम्हांलाही राग येतो, आणि तो बोलून दाखवला पाहिजे. पण सभासदांचे कागद त्या रागाच्या भरवशावर ठेवता येत नाहीत.

आमच्या कचेरीत आज दोन संगणक आहेत. २०१९ अखेर घेतलेल्यावर, रीतसर एकवीस दिवस घेऊन, विंडोज ११ चढवली. जुना परीक्षेत उतरला नाही. त्याचे इंटरनेट काढले आणि जुन्या टंकातले कागद वाचून छापण्यापुरता तो ठेवला. काय कोठे ठेवायचे ते ताईंनी ठरवले, आम्ही सही केली. त्या चार जणांच्या तारखा पुढे भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांवरून सिद्ध झाल्या आणि पैसे मिळाले. ती ६८ नावांची यादी आता युनिकोडमध्ये आहे, कपाटातल्या डिस्कवर आहे, आणि एका नव्या वहीत शाईनेही लिहिलेली आहे.