स्लॉपी जोमधली साखर

स्लॉपी जो म्हणजे टोमॅटोच्या दाट रश्शात शिजवून गोल पावात भरलेला गोमांसाचा खिमा. अमेरिकेतल्या कित्येकांनी तो लहानपणापासून गोडसरच खाल्ला आहे. केचप ओतायचं, वर ब्राउन शुगर घालायची, अशी घरोघरची रीत. त्यामुळे कुणी साखरेविना, खमंग बनवला की तो नकली ठरतो. मला मात्र ती साखर या पदार्थाचा प्राण वाटत नाही. परतण्यातली घाई झाकायला ती आली आणि मुक्काम करून बसली.

पुरावा आयोवा राज्यातला आहे. सू सिटीत 1920च्या दशकापासून मोकळा परतलेला खिमा पावात मिळू लागला; पुढे त्याला ‘टॅव्हर्न’ हे नाव पडलं. 1926 साली मस्कटीनमध्ये फ्रेड एंजेल यांनी ‘मेड-राइट’ हे अशाच सँडविचचं दुकान सुरू केलं. या खिम्यात टोमॅटो नव्हता, गोडवाही नव्हता. सोबतीला मोहरीचा सॉस, कांदा आणि खारवलेल्या काकडीच्या चकत्या. स्लॉपी जो थेट यातूनच निघाला, हे सिद्ध करणारा कागद नाही, हा आक्षेप रास्त आहे. नावावर तर हवाना आणि की वेस्ट इथल्या त्याच नावाच्या बारचाही दावा सांगितला जातो, आणि न्यू जर्सीत याच नावाने राय पावाचं तीन थरांचं, अगदी वेगळंच सँडविच मिळतं. पण खिमा-पावाला चव यायला साखर लागत नाही, एवढं आयोवाने दाखवून दिलं, आणि माझ्या मुद्द्याला तेवढं पुरे. मग गोडवा आला कुठून? केचप घराघरांत आधीपासून होतंच. त्याच्या वजनाचा पाव-पंचमांश हिस्सा साखरेचा असतो. 1969 साली हंट्स कंपनीने ‘मॅनविच’ हा डबाबंद सॉस आणला, आणि परतलेल्या खिम्यावर तो ओतला की जेवण तयार होऊ लागलं. डब्याने वेळ वाचवला, तशी चवही ठरवून टाकली.

साखर नसेल तर टोमॅटोचा आंबटपणा बोचेल, असं म्हणतात. घाईने केलं तर बोचेलच. मांस तांबूस होऊन खमंग वास सुटतो तो साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि पाणी 100 अंशांवर उकळतं. रस लवकर ओतला किंवा कढई खच्चून भरली, की खिमा भाजण्याऐवजी उकडतो, करडा पडतो. मग चवीची उणीव भरायला साखरेचा डबा उघडावा लागतो. त्यापेक्षा अर्धा किलो खिमा रुंद कढईत पसरून, न ढवळता, खालून चांगला तांबूस होऊ द्यावा आणि काढून ठेवावा. त्याच चरबीत कांदा मंद आचेवर सोनेरी करावा. हवा तेवढा गोडवा त्यातच आहे. मग टोमॅटोची पेस्ट दोन मोठे चमचे घालून ती विटकरी होईपर्यंत परतावी. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं; रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी 1908 साली जपानमध्ये ओळखलेली उमामी चव त्याचीच. अँकोव्ही मासा आंबवून घातलेला वूस्टर सॉस त्यात आणखी भर घालतो.

लहानपणची चव कशी विसरायची, हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण त्याला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. ज्यांना ती हवी त्यांनी शेवटी चमचाभर केचप घालावं. खिमा नीट भाजलेला असेल तर तेवढंही भरपूर होतं. एरवी काढून ठेवलेला खिमा परत कढईत टाकून, कपभर मटणाचं किंवा हाडांचं पाणी घालून, चमचा फिरवल्यावर कढईच्या तळाची रेघ क्षणभर उघडी राहील इतपत आटवावं आणि आच बंद करताना थोडं व्हिनेगर टाकावं. पाव लोण्यावर आतून भाजून घ्यावा, नाहीतर रसाने तो पहिल्या घासालाच फुटतो.