रुपेरी कडा : एक उसने रूपक

‘काळ्या ढगाला रुपेरी कडा असते’ हे वाक्य तुम्ही वृत्तपत्रांतून अनेकदा वाचले असेल. संकटातही आशेला जागा असते, हा त्याचा आशय. हे रूपक इंग्रजीतून आपल्याकडे आले असून त्याचे मूळ जॉन मिल्टनच्या ‘कोमस’ या १६३४ साली सादर झालेल्या नाट्यकाव्यात सापडते. रात्री अरण्यात वाट चुकलेल्या तरुणीला काळ्या मेघाआडून प्रकाश दिसतो, असा तेथील प्रसंग आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘अस्तर’. मराठीने त्याची ‘कडा’ किंवा ‘किनार’ केली. लुगड्याच्या काठांवर जीव असलेल्या भाषेला ते शोभतेच!

अडचण आहे ती ढगाची. इंग्रजी रूपकात काळा ढग म्हणजे संकट. आपल्याकडे मात्र मृगात वाट पाहिली जाते ती काळ्या ढगाचीच. तो विरळ होऊन मागून ऊन डोकावू लागले, की पेरणी करून बसलेल्या शेतकऱ्याचे मन खचते. म्हणून ‘दुष्काळाच्या काळ्या ढगाला रुपेरी कडा’ असे लिहिल्यास रूपक स्वतःच्याच अर्थाविरुद्ध जाते. आजारपण किंवा परीक्षेतील अपयश अशा विषयांत ते खटकत नाही; तेथे फार तर ते गुळगुळीत वाटेल. शेतीविषयक लेखनात ‘आशेला पालवी फुटली’ हा प्रयोग अधिक स्वाभाविक ठरतो.

पावसाने ओढ दिलेल्या गावात पहिली सर आली, अशी कल्पना करा आणि ‘रुपेरी कडा’ न वापरता त्यावर तीन वाक्ये लिहा.